निद्रारोग : विषारी सुईपासून एका मात्रेपर्यंत

वयाची साठी ओलांडलेल्या वाचकांमध्ये झोपेविषयी काहीच तक्रार नाही, असा वाचक विरळाच. कुणाला पहाटे तीनलाच जाग येते, तर कुणाला दुपारी वर्तमानपत्र हातात असतानाच डुलकी लागते. घरची मंडळी त्याकडे वयाचा भाग म्हणून पाहतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. परंतु जगात एक आजार असा आहे की, ज्यात दिवस आणि रात्र यांची अशी अदलाबदल ही मेंदूत शिरलेल्या परजीवीची खूण असते. उपचार न मिळाल्यास त्या रुग्णाचा शेवट जवळजवळ निश्चितपणे मृत्यूत होतो. आफ्रिकेतील हा निद्रारोग होय.

आपल्या देशात न आढळणाऱ्या रोगाविषयी या पाक्षिकात का लिहावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची तीन कारणे आहेत. केनिया, टांझानिया, युगांडा येथे नोकरी-व्यवसायासाठी गेलेल्या मुलांकडे जाणारे, किंवा निवृत्तीनंतर तेथील अभयारण्ये पाहण्यास निघणारे मराठी आई-वडील आता थोडेथोडके नाहीत. दुसरे असे की, या रोगाच्या परजीवीचा एक सख्खा भाऊ आपल्याच गोठ्यांत वावरतो आणि महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडलेला आहे. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या रोगावरील औषधांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचला की, औषध सापडणे आणि रुग्ण बरा होणे यांत किती अंतर असते, आणि ते अंतर कोण भरून काढते, हे स्पष्ट होते. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यावे, असे आहे.

माशी आणि परजीवी

निद्रारोगाचे कारण असलेला जीव म्हणजे ट्रिपॅनोसोमा. तो एकपेशीय असून सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या थेंबात माशासारखा वळवळताना दिसतो. त्याचा प्रसार त्सेत्से नावाची माशी करते. ही माशी घरमाशीपेक्षा थोडी मोठी असते, दिवसा चावते, आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतच आढळते. डासांमध्ये केवळ मादी रक्त पिते. त्सेत्सेमध्ये मात्र नर आणि मादी दोघेही रक्तावर जगतात.

माणसाला होणाऱ्या निद्रारोगाचे दोन प्रकार आहेत. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील प्रकाराला गॅम्बियन्स म्हणतात. एकूण रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण याच प्रकारचे असतात. हा आजार संथ गतीने, अनेक महिने किंवा काही वर्षे चालतो. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील प्रकार म्हणजे ऱ्होडेसियन्स. तो तीव्र असतो आणि काही आठवड्यांतच रुग्णाला गंभीर अवस्थेत नेऊ शकतो. पर्यटकांना होण्याची शक्यता असते ती प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकाराची.

दक्षिण अमेरिकेत शागास नावाचा आणखी एक ट्रिपॅनोसोमाजन्य आजार आहे. तो हृदयावर आघात करतो, एका ढेकणासारख्या कीटकामार्फत पसरतो, आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत. तो स्वतंत्र लेखाचा विषय असल्याने येथे त्याचा केवळ उल्लेख करून पुढे जातो.

झोप उलटते तेव्हा

रोगाच्या पहिल्या टप्प्यात परजीवी रक्तात आणि लसिका ग्रंथींत असतो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. डोके दुखते, सांधे धरतात, अंगाला खाज सुटते. गॅम्बियन्स प्रकारात मानेच्या मागील बाजूस ग्रंथी सुजतात. इंग्रज वैद्य थॉमस विंटरबॉटम यांनी १८०३ साली या सुजेची नोंद केली. मानेवर अशा गाठी असलेल्या माणसांना गुलामांचे व्यापारी विकत घेत नसत, हेही त्यांनी नमूद केले आहे. रोगनिदानाचे ज्ञान प्रथम कोणत्या कामी आले, हे वाचून मन विषण्ण होते.

दुसऱ्या टप्प्यात परजीवी मेंदूत शिरतो. रुग्ण सतत झोपून राहतो, अशी या रोगाच्या नावामुळे समजूत होते. पण चोवीस तासांतील झोपेची एकूण बेरीज फारशी वाढलेली नसते. बिघडते ते झोपेचे घड्याळ. रुग्ण दिवसा जेवताना, बोलताना झोपी जातो आणि रात्री टक्क जागा राहतो. स्वभाव पालटतो. शांत माणूस चिडखोर होतो, कष्टाळू माणूस उदासीन होतो. बोलणे अडखळते, चाल डळमळते, भास होऊ लागतात. शेवटी बेशुद्धी येते.

ही लक्षणे वाचताना ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, त्यांना ओळखीची वाटतील. म्हणून येथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. आपल्याकडील वृद्धांमध्ये झोप उलटणे वा स्वभाव बदलणे याचा निद्रारोगाशी काडीचाही संबंध नसतो. त्यामागे स्मृतिभ्रंश, शरीरातील सोडियम कमी होणे, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, थायरॉइडचा विकार किंवा एखाद्या औषधाचा परिणाम असू शकतो. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळलेपण आले, आणि त्यातही ताप असेल, तर मात्र ‘वय झाले’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आफ्रिकेतील खेड्यांतही हा बदल प्रथम ध्यानात येतो तो सून, मुलगा किंवा जोडीदार यांच्या. वेड लागले, भूतबाधा झाली, अशी समजूत करून घेऊन रुग्णाला दूर लोटल्याची उदाहरणे तेथे पुष्कळ आहेत. घरच्यांची नजर रोगनिदानाचे पहिले साधन असते, हे खरे. मात्र त्या नजरेला माहितीची जोड लागते.

लस का नाही?

आपल्याकडे पूर्वी गावोगावी बहुरूपी येत असत. सकाळी पोलीस होऊन आलेला माणूस दुपारी साधू होऊन येई आणि ओळखू येत नसे. ट्रिपॅनोसोमा हा रक्तातील बहुरूपी आहे. त्याच्या अंगावर प्रथिनांचे एक दाट आवरण असते. आपली प्रतिकारशक्ती ते आवरण ओळखून प्रतिपिंडे तयार करते आणि बहुसंख्य परजीवी मारते. तेव्हा ताप उतरतो. पण तेवढ्यात काही परजीवींनी दुसरे आवरण चढवलेले असते. ते ओळखू येत नाहीत, त्यांची संख्या वाढते, ताप पुन्हा चढतो. अशा वेषांतरासाठी त्याच्याजवळ हजाराहून अधिक जनुकांचा साठा असतो. म्हणूनच या रोगावर आजवर लस बनू शकलेली नाही. उरतात ते दोन मार्ग : रुग्ण शोधून त्याला औषध देणे आणि माशीला आवर घालणे.

औषधांची खडतर वाट

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, आजच्या युगांडामध्ये, निद्रारोगाची भयंकर साथ आली. तीत सुमारे अडीच लाख माणसे मरण पावली, असे मानले जाते. त्या काळी हाताशी आलेले पहिले औषध ॲटॉक्सिल हे आर्सेनिकपासून, म्हणजे सोमलापासून बनवलेले होते. क्षयाचे जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी १९०६-०७ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरातील सेसे बेटांवर ते वापरून पाहिले. रक्तातील परजीवी नाहीसे होत. परंतु मोठ्या मात्रेमुळे काही रुग्णांची दृष्टी कायमची गेली.

पुढे जर्मनीत सुरामिन तयार झाले, १९४० च्या सुमारास पेंटामिडीन आले. ही दोन्ही औषधे पहिल्या टप्प्यात उपयोगी पडली आणि आजही ती वापरात आहेत. पण मेंदूपर्यंत ती पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. दुसऱ्या टप्प्यातील रुग्णासाठी १९४९ पासून मेलार्सोप्रॉल हे औषध आले. तेही सोमलाचेच. ते शिरेतून देताना जाळ आत शिरल्यासारख्या वेदना होत. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, शंभरातील पाच ते दहा रुग्णांना या औषधामुळेच मेंदूचा तीव्र विकार होई आणि त्यांपैकी निम्मे दगावत. म्हणजे वीस रुग्णांना औषध दिले, तर साधारण एकाचा मृत्यू औषधाने होणार, हे डॉक्टरला सुई टोचतानाच माहीत असे. न द्यावे, तर वीसही जण रोगाने जाणार. असा हिशेब मनात ठेवून या डॉक्टरांनी पन्नास वर्षे काम केले. कोणाही डॉक्टरावर अशी वेळ येऊ नये.

इफ्लॉर्निथिन हे औषध मूलतः कर्करोगासाठी शोधले गेले होते. ते निद्रारोगावरही गुणकारी ठरले आणि १९९० मध्ये त्याला मान्यता मिळाली. सोमलाच्या औषधापेक्षा ते कितीतरी सुरक्षित होते. पण गरीब खेडुतांच्या आजारावरील औषधात नफा नव्हता. १९९० च्या दशकातच त्याचे उत्पादन थांबले. नंतर याच रसायनाचे एक मलम स्त्रियांच्या चेहऱ्यावरील नको असलेले केस कमी करण्यासाठी बाजारात आले. सौंदर्यासाठी मलम उपलब्ध आणि प्राण वाचवण्यासाठी इंजेक्शन अनुपलब्ध, अशी ती स्थिती होती. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने पाठपुरावा केल्यावर २००१ मध्ये उत्पादक कंपनीने हे औषध मोफत पुरवण्याचा करार केला.

तरीही अडचण संपली नाही. इफ्लॉर्निथिन चौदा दिवस, दिवसातून चार वेळा, सलाइनमधून द्यावे लागे. म्हणजे एका रुग्णाला छप्पन्न वेळा. जेथे वीज नाही, स्वच्छ पाण्याची वानवा, परिचारिका एकच, अशा आरोग्य केंद्रात हे कसे जमावे? २००९ पासून त्याला निफर्टिमॉक्स या गोळ्यांची जोड देण्यात आली. त्यामुळे सलाइनची संख्या छप्पन्नवरून चौदावर आली आणि मेलार्सोप्रॉल मागे पडले. या बदलात नवे औषध एकही नव्हते. होती तीच दोन औषधे एकत्र करून परिचारिकेचे आणि रुग्णाचे कष्ट कमी केले गेले.

दहा दिवसांच्या गोळ्या

यापुढचा टप्पा आला तो एका जुन्या, अडगळीत पडलेल्या रसायनामुळे. फेक्सिनिडॅझोल हे औषध काही दशकांपूर्वी तयार होऊन बाजूला ठेवले गेले होते. दुर्लक्षित रोगांवर औषधे शोधणाऱ्या एका ना-नफा संस्थेने, म्हणजे ‘डीएनडीआय’ने, २००५ च्या सुमारास ते पुन्हा हाती घेतले. काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक येथे चाचण्या झाल्या. २०१८ च्या अखेरीस युरोपीय औषध संस्थेने त्याविषयी अनुकूल मत दिले आणि पाठोपाठ काँगोने मान्यता दिली. केवळ तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी निद्रारोगाच्या दोन्ही टप्प्यांवर उपचार करता येऊ लागले.

प्रौढ रुग्णाने पहिले चार दिवस रोज तीन गोळ्या आणि पुढील सहा दिवस रोज दोन गोळ्या घ्यायच्या असतात. एक अट मात्र काटेकोर आहे. गोळ्या भरल्या पोटीच घ्यायच्या. उपाशीपोटी घेतल्यास औषध रक्तात पुरेसे उतरत नाही आणि उपचार वाया जाऊ शकतो. मळमळ, उलटी, निद्रानाश असे त्रास या औषधाने होतात. मेंदूत शिरलेल्या रोगामुळे रुग्ण आधीच गोंधळलेला, कधी जेवण नाकारणारा. अशा माणसाला दहा दिवस रोज आधी दोन घास भरवून मगच गोळ्या देणे, त्या पोटात राहतात ना हे पाहणे, ही कामे घरच्या माणसांच्या मदतीवाचून होत नाहीत. म्हणून हा उपचार प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखालीच द्यावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. अतिशय गंभीर अवस्थेतील रुग्णाला मात्र आजही सलाइन आणि गोळ्या असा जोड-उपचारच अधिक खात्रीचा ठरतो.

आपल्या घरी रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या वा क्षयाच्या गोळ्या सांभाळणाऱ्या वाचकांना यातील मर्म सहज कळेल. ‘जेवणानंतर’ असे चिठ्ठीवर लिहिलेले असते, त्यामागे कारण असते. पाच दिवसांत बरे वाटले, म्हणून दहा दिवसांचे औषध सोडायचे नसते.

पूर्व आफ्रिकेतील तीव्र प्रकारासाठीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फेक्सिनिडॅझोलची शिफारस केली आणि तेथेही सोमलाच्या औषधाला पर्याय मिळाला.

यापुढील पाऊल म्हणजे ॲकोझिबोरॉल. तीन गोळ्या, एकदाच, एवढाच त्याचा उपचार. काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि गिनी येथे २०८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग मेंदूपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्ण दीड वर्षानंतरही रोगमुक्त होते. या औषधाला जेवणाची अट नाही, दहा दिवसांच्या देखरेखीची गरज नाही. ते सर्रास वापरात आले, तर तपासणी पथक गावात असतानाच रुग्णाचा उपचार पूर्ण होऊ शकेल.

गुरे, माशी आणि निळे कापड

ट्रिपॅनोसोमा माणसापुरता मर्यादित नाही. आफ्रिकेत गुरांना होणाऱ्या आजाराला ‘नागाना’ म्हणतात. जनावर खंगते, त्याचे रक्त कमी होते, दूध आटते, गाभण गाय गाभ टाकते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आफ्रिकेत दरवर्षी सुमारे तीस लाख गुरे यापायी मरतात. बैल नाही म्हणजे नांगर नाही, आणि नांगर नाही म्हणजे घरात धान्य नाही. शेतकऱ्याला वेगळे समजावण्याची गरज नाही.

गुरांसाठी वापरली जाणारी डिमिनाझिन व आयसोमेटामिडियम ही औषधे १९५० च्या दशकापासूनची आहेत. बाजारातील बनावट माल आणि पैसे वाचवण्यासाठी दिलेली अपुरी मात्रा यांमुळे काही भागांत ती आता निष्प्रभ ठरू लागली आहेत. त्यामुळे शास्त्रज्ञांनी माशीकडे मोर्चा वळवला. त्सेत्सेची मादी अंडी घालत नाही. ती एका वेळी एकाच अळीला जन्म देते आणि साऱ्या आयुष्यात अशी जेमतेम आठ-दहा पिले होतात. डासांच्या मानाने हे उत्पादन अगदी तुटपुंजे. त्यामुळे थोड्या माश्या सातत्याने मारल्या, तरी त्यांची संख्या झपाट्याने घसरते.

या माशीला निळ्या रंगाचे आकर्षण असते. म्हणून नदीकाठी, लोकांच्या पाणवठ्याजवळ कीटकनाशकात भिजवलेली निळ्या कापडाची छोटी निशाणे लावली जातात. माशी तेथे येऊन बसते आणि मरते. दुसरी पद्धत गुरांवर कीटकनाशक फवारण्याची. मोठ्या जनावराच्या पायांवर आणि पोटावरच माशी प्रामुख्याने बसते, असे दिसून आल्यावर तेवढ्याच भागावर फवारणी सुरू झाली. खर्च घटला आणि लहान शेतकऱ्यालाही ते परवडू लागले. झांझिबारच्या उंगुजा बेटावर तर किरणोत्साराने निर्बीज केलेले नर मोठ्या संख्येने सोडून १९९७ पर्यंत त्सेत्से माशी समूळ नाहीशी करण्यात आली.

माणूस आणि गुरे यांचे आरोग्य किती गुंतलेले आहे, याचे युगांडातील उदाहरण बोलके आहे. ऱ्होडेसियन्स हा परजीवी गुरांच्या रक्तात राहतो आणि बहुधा त्यांना फारसा आजारी पाडत नाही. १९९८ च्या सुमारास सोरोटी भागात निद्रारोगाचे रुग्ण अचानक दिसू लागले. शोध घेतला असता, बाधित भागातून गुरांच्या बाजारात विक्रीसाठी आलेल्या जनावरांबरोबर परजीवी तेथे पोहोचल्याचे आढळले. त्यानंतर २००६ पासून गुरांना औषधाचे इंजेक्शन आणि कीटकनाशकाची फवारणी, अशी मोहीम तेथे राबवली गेली. माणसांचा आजार आटोक्यात आणण्यासाठी डॉक्टरच्या आधी पशुवैद्यकाला गावात जावे लागले.

आपल्या गोठ्यातील सर्रा

आता आपल्याकडे वळू. भारतात त्सेत्से माशी नाही. मात्र ट्रिपॅनोसोमाची ‘इव्हान्साय’ ही जात आहे. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्यकाने पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे घोडे आणि उंट यांच्या रक्तात ती शोधली. हा रोगकारक ठरलेला पहिला ट्रिपॅनोसोमा. त्या रोगाला ‘सर्रा’ म्हणतात. आजारी जनावराच्या श्वासाच्या आवाजावरून हे नाव पडले असावे, असे मानून काही इंग्रजी शब्दकोश त्याचे मूळ मराठीत दाखवतात. गोमाशीसारख्या चावऱ्या माश्या एका जनावराचे रक्त पिता पिता दुसऱ्यावर बसतात आणि रोग पसरवतात. पावसाळ्यात व त्यानंतर या माश्या वाढतात.

राहून राहून येणारा ताप, खंगत जाणे, पायांवर व पोटाखाली सूज, दूध घटणे, म्हशीचा गाभ पडणे, कधी गोल गोल फिरणे किंवा भिंतीला डोके टेकवून उभे राहणे, ही सर्राची लक्षणे होत. कुत्र्यांच्या डोळ्यांवर निळसर पांढरा पडदा येतो. असे दिसल्यास जनावराच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. पशुवैद्यकाजवळ यावर प्रभावी इंजेक्शने आहेत. ती वजनानुसार पूर्ण मात्रेतच द्यावी लागतात.

हा परजीवी माणसाला का होत नाही? आपल्या रक्तात ‘एपीओएल-१’ नावाचे एक प्रथिन असते. ते ट्रिपॅनोसोमाला अक्षरशः छिद्रे पाडून मारते. आफ्रिकेतील दोन रोगकारक जातींनी या प्रथिनाला चकवण्याची युक्ती साधलेली आहे. इव्हान्सायला ती साधत नाही. मात्र २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला अनेक आठवडे येणाऱ्या-जाणाऱ्या तापाच्या तपासणीत रक्तात इव्हान्साय सापडला. जगातील ही पहिली निःसंशय सिद्ध झालेली घटना होती. पुढील संशोधनात त्याच्या रक्तात ते रक्षक प्रथिन जन्मतःच नसल्याचे उघड झाले. सुरामिन देऊन त्याच्यावर उपचार झाले आणि तो बरा झाला. त्या गावातील अठराशेहून अधिक लोकांची रक्ततपासणी करण्यात आली. काहींच्या रक्तात परजीवीशी संपर्क आल्याच्या खुणा होत्या, परंतु कोणाच्याही रक्तात प्रत्यक्ष परजीवी सापडला नाही.

म्हणून गोठ्यात काम करणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. हातावर जखम असेल, तर ती झाकावी. जनावराच्या रक्ताशी संपर्क येणारे काम हातमोजे घालून करावे. गोठा कोरडा ठेवावा, शेणाचा ढीग दूर न्यावा. दीर्घकाळ उलगडा न होणारा ताप असेल, तर आपण जनावरे सांभाळतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आफ्रिकेस जाणाऱ्यांसाठी

अभयारण्यात जाणाऱ्या ज्येष्ठांनी जाड कापडाचे, पूर्ण बाह्यांचे, खाकी किंवा मातकट रंगाचे कपडे घालावेत. निळा व काळा रंग टाळावा. पातळ कपड्यातून ही माशी सहज चावते आणि अंगाला लावण्याच्या मलमांना फारशी जुमानत नाही. गाडीत बसण्यापूर्वी आत माश्या नाहीत ना, हे पाहावे. भर दुपारी झुडपांत शिरू नये.

चावलेल्या जागी काही दिवसांत लाल, दुखरा फोड आला, किंवा प्रवासात वा परतल्यावर ताप आला, तर तो अंगावर काढू नये. अशा तापात मलेरियाची शक्यता कितीतरी अधिक असते, आणि तोही घातक ठरू शकतो. त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी. कोठे, केव्हा गेला होता हे स्वतःहून सांगावे आणि रक्तात मलेरियाबरोबर ट्रिपॅनोसोमाही पाहण्याची विनंती करावी. हे औषध कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळत नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ते मोफत पुरवले जाते. त्यासाठी निदान लवकर झाले पाहिजे.

विसर पडण्याचा धोका

१९६० च्या दशकाच्या मध्यास साऱ्या आफ्रिकेत वर्षाला पाच हजारांहूनही कमी रुग्ण नोंदले जात होते. रोग संपला असे वाटले, गावोगाव फिरणारी तपासणी पथके कमी झाली आणि रोग परतला. १९९८ मध्ये नोंदलेले रुग्णच सुमारे चाळीस हजार होते. न नोंदलेले सुमारे तीन लाख असावेत, असा अंदाज होता. त्यानंतर पुन्हा कष्टाने काम सुरू झाले. २००९ मध्ये हा आकडा दहा हजारांखाली आणि २०१८ मध्ये एक हजाराखाली आला. टोगो, चाड, गिनी आदी देशांत हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेला नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले आहे. २०३० पर्यंत गॅम्बियन्स प्रकाराचा माणसांतील प्रसार पूर्ण थांबवण्याचे उद्दिष्ट आहे.

धोका आता पुन्हा तोच आहे. एका गावात दहा वर्षांत एकच रुग्ण सापडतो, तेव्हा पथक कशाला हवे, असा प्रश्न विचारला जातो. तरुण डॉक्टरांनी हा रोग पाहिलेलाच नसतो. निधी दुसरीकडे वळतो. १९६० च्या दशकात असेच झाले होते, आणि त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

आपल्या घरातही हे थोड्याफार फरकाने घडत असते. रक्तदाब दोन महिने नीट राहिला की गोळी चुकते. साखर आटोक्यात आली की तपासणी लांबते. आजार आटोक्यात आहे तो औषधामुळे आणि आपल्या लक्ष ठेवण्यामुळे, हे विसरले जाते. वाचकहो, आज संध्याकाळी घरातील औषधांच्या डब्याकडे एकदा पाहावे. कोणती गोळी जेवणापूर्वीची, कोणती नंतरची, कोणती ‘बरे वाटले’ म्हणून बंद पडली आहे, हे कागदावर लिहावे, आणि तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा.